पोपटमाशाने खवलेली वाळू

लक्षद्वीपच्या कडमत बेटाजवळ स्कूबाचा सिलिंडर पाठीला लावून प्रवाळभित्तीपाशी उतरलं, की मासे दिसायच्या आधी आवाज ऐकू येतो. कढईत मोहरी तडतडावी तसा, आणि चहूबाजूंनी. ही तडतड बोटाएवढ्या कोळंबीची. ती आपली मोठी नांगी इतक्या झटक्यात मिटते, की पाण्यात क्षणभर पोकळ बुडबुडा तयार होतो. तो कोसळला की 'तट्' वाजतं. अशा असंख्य कोळंब्या कपारींतून सतत वाजत असतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. तो दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच गाठतो, म्हणून नेमका कुठून आला ते कळत नाही.

त्या तडतडीत मधूनच वेगळा आवाज येतो. खर्र... खर्र. विळीवर कुणी नारळ खवतंय असा. तो आला की मी पाय हलवणं थांबवते आणि सावकाश श्वास घेत तरंगत राहते. मिनिटभरात माशांची भीड चेपते, आणि मग दिसतो हिरवा-निळा पोपटमासा. तो खडकाशी तोंड नेतो, खवतो, बाजूला होतो. खडकावर पांढरे ओरखडे उमटलेले असतात. थोड्या वेळाने त्याच्या शेपटीखालून पांढरी भुकटी धुरासारखी सुटते आणि हळूहळू तळाशी बसते.

ती भुकटी म्हणजे वाळू. पोपटमाशाला हवं असतं खडकावरचं आणि खडकात शिरलेलं शेवाळ आणि सूक्ष्मजीव, पण त्यासोबत खडकाची, म्हणजे प्रवाळांच्या जुन्या सांगाड्यांची, चुनखडीही पोटात जाते. त्याच्या दातांची मिळून चोच झालेली असते. एका जातीच्या चोचीत शास्त्रज्ञांनी सुमारे १००० दात मोजले आहेत, १५ रांगांमध्ये. पुढचे झिजून पडले की मागचे पुढे सरकतात. घशात आणखी एक जातं असतंच. त्यात चुनखडी दळली जाते, पोट त्यातलं अन्न घेतं आणि उरलेलं पीठ बाहेर.

हे पीठ किती पडतं? मालदीवमधल्या वक्कारू बेटाभोवती झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या प्रवाळांवर नव्याने तयार होणाऱ्या, बेट घडवण्याजोग्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक पोपटमाशांची निघाली. मला हा आकडा फार आवडतो. ज्या किनाऱ्यावर आपण अनवाणी चालतो, तो बराचसा माशाच्या पोटातून आलेला!

या वाळूखाली प्रवाळांचा जाड थर आहे, आणि त्याच्याही खाली समुद्रात बुडालेली डोंगररांग. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा ओतणारा आणि नंतर ही रांग घडवणारा पृथ्वीच्या पोटातला तप्त स्रोत एकच मानला जातो. भारताचं भूपट्ट, म्हणजे ज्या कवचाच्या तुकड्यावर भारत आहे ते, उत्तरेकडे सरकत गेलं, स्रोत मागे राहिला. आज तो हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर धगधगतो आहे. म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ आणि ही पांढरीशुभ्र बेटं यांचं नातं जुनं आहे.

१९९८ साली समुद्र तापला आणि लक्षद्वीपचे पुष्कळ प्रवाळ पांढरे पडून मेले. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ माजलं तर प्रवाळाच्या नव्या पिल्लांना चिकटायला जागाच उरत नाही. ते खाऊन खडक मोकळा ठेवायला पोपटमासे लागतात, आणि लक्षद्वीपमध्ये ते होते. कारण इथल्या कोळ्यांचं पोट चालतं ते मुख्यतः खोल पाण्यातल्या कुप्यावर, म्हणजे ट्यूनावर. बांबूच्या काठीला गळ लावून तो एकेक करून ओढतात. भित्तीवरच्या माशांवर त्यामुळे फारसा ताण येत नव्हता.

अलीकडे मात्र भित्तीवरच्या माशांचीही व्यापारी मासेमारी वाढली आहे आणि पोपटमासे त्यात सापडतात. समुद्र पुन्हा पुन्हा तापतोय, २०१० आणि २०१६ सालीही प्रवाळ पांढरे पडले. बेटं पाण्याच्या वर जेमतेम एक-दोन मीटर. लाटा दरवर्षी वाळू ओढून नेतात, आणि तिची भरपाई खाली, त्या खर्र-खर्र आवाजात चाललेली असते.