पवनी

पवनी हे महाराष्ट्राच्या भंडारा जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण असून वैनगंगेच्या उजव्या तीरावर वसलेले नगरपरिषदेचे गाव आहे. नागपूरच्या आग्नेयेस सुमारे ८० किमी. आणि भंडाऱ्याच्या दक्षिणेस सुमारे ५० किमी. अंतरावर ते आहे. जिल्हा भंडारा असला तरी भिवापूर व उमरेडमार्गे नागपूरशी येथील लोकांचा राबता अधिक आहे. दवाखाना, शिक्षण आणि मोठी खरेदी यांसाठी पवनीकर नागपूर गाठतो, तर भंडाऱ्याला तो बहुधा कचेरीच्या कामापुरताच जातो. गावाच्या तीन बाजूंना मातीचा जुना तट व खंदक आणि चौथ्या बाजूला नदी, अशी येथील रचना आहे. तटाला लागून बालसमुद्र नावाचा तलावही आहे.

पवनीच्या प्राचीनतेविषयी विद्वानांना पूर्वीपासून कल्पना होती. तरी तिची खरी व्याप्ती १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या संयुक्त उत्खननातून उघड झाली. गावाबाहेरची जगन्नाथ टेकडी आणि चांदकापूरची सुलेमान टेकडी या दोन उंचवट्यांच्या पोटात विटा व मातीचे भव्य स्तूप आढळले. जगन्नाथ टेकडीवरील स्तूपाचा व्यास सुमारे ३८ मी. भरला. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे ३६.५ मी. आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पवनीच्या वैभवाचा अंदाज येतो. पुढे १९९४ मध्ये सर्वेक्षणाचे अमरेंद्र नाथ यांनी हरदोलाला टेकडीवर उत्खनन केले. एका लहान गावाभोवती एवढी मोठी बांधकामे उभी राहतात, तेव्हा तेथे केवळ भिक्षूंची वस्ती होती असे मानता येत नाही. त्यांच्या पाठीशी धान्य, व्यापार आणि दान देण्याची ऐपत असलेला समाज असला पाहिजे.

या समाजाच्या खुणा जगन्नाथ टेकडीवर सापडलेल्या दगडी कठड्याच्या अवशेषांवर आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासच्या ब्राह्मी लिपीतील व प्राकृत भाषेतील लहान लहान लेख त्यांवर कोरलेले असून अमुक खांब किंवा अमुक आडवी शिळा कोणी दान दिली, एवढेच त्यांत सांगितलेले असते. एका स्तंभावर मुचलिंद नागराजाचे शिल्प आहे. बोधिप्राप्तीनंतर वादळी पावसात बुद्धावर फणा धरणाऱ्या नागाची ही कथा असली, तरी शिल्पात बुद्ध मात्र दिसत नाही. आसन रिकामे आहे आणि त्यामागे नाग आपला अनेक फण्यांचा विस्तार उभारून आहे. बुद्धाची मूर्ती घडविण्याची प्रथा रूढ होण्यापूर्वीची ही शैली असून तिचे नाते मध्य प्रदेशातील भारहूत येथील स्तूपाच्या शिल्पांशी जुळते. नागाचे नाव शेजारी कोरलेले असल्याने ओळखीबाबत शंका उरत नाही.

इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत पवनीवर कोणाचा अंमल होता, याचे धागेदोरे तुटक आहेत. भार वंशातील भगदत्त या राजाचा उल्लेख असलेला लेख येथे मिळाला आहे. महाक्षत्रप रूपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला छायास्तंभही येथेच सापडला असून तो नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. पश्चिम भारतात राज्य करणाऱ्या क्षत्रपांच्या पदवीचा एक अधिकारी वैनगंगेच्या काठी कसा आला, हा प्रश्न महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यापासून अभ्यासकांपुढे आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपटही पवनीत मिळाला. रामटेकजवळचे नगरधन व मनसर आणि नदीकाठची पवनी ही स्थळे एकत्र पाहिली की वाकाटकांच्या पूर्व विदर्भाचे चित्र स्पष्ट होऊ लागते.

मध्ययुगानंतर स्तूपांची स्मृती लोकांतून पार पुसली गेली. टेकड्यांना देवांची किंवा साधुपुरुषांची नावे मिळाली आणि जगन्नाथ टेकडीवर तर मंदिरच उभे राहिले. तटाच्या आतल्या गावाला आज दिसणारे रूप मुख्यतः नागपूरकर भोसल्यांच्या काळात आले. पश्चिमेकडील भक्कम दरवाजा, ज्याला स्वातंत्र्यानंतर जवाहर गेट हे नाव पडले, त्यातून आजही वाहतूक चालते. मातीच्या तटावर ठिकठिकाणी घरे चढली आहेत, खंदकाचे काही भाग बुजले आहेत, आणि घर बांधण्यासाठी पाया खणताना जुन्या विटा व खापरे निघणे ही येथील सामान्य घटना मानली जाते. संरक्षित स्मारकाशेजारी राहणाऱ्यांना बांधकामाच्या परवानगीची कटकट सोसावी लागते. त्यामुळे वारशाबद्दलचा स्थानिकांचा अभिमान आणि त्याच वारशाबद्दलची कुरबूर ही दोन्ही एकाच घरात ऐकू येतात.

पवनीला ‘विदर्भाची काशी’ म्हणतात, ते येथील घाटांमुळे व मंदिरांच्या संख्येमुळे. वैजेश्वर, दिवाण घाट आदी दगडी घाट पायऱ्यापायऱ्यांनी नदीत उतरतात. मुरलीधर, दत्त, विठ्ठल-रखुमाई आणि असंख्य लहान शिवालये गल्लीबोळांत विखुरलेली आहेत. विदर्भातील अष्टविनायकांपैकी एक असलेला पंचमुखी गणेश येथे आहे. ही नेहमीसारखी बैठी मूर्ती नसून एका पाषाणावर सर्व बाजूंना मुखे कोरलेली आहेत. महाशिवरात्रीला आणि पर्वकाळी आसपासच्या खेड्यांतून स्नानासाठी गर्दी होते. दशक्रिया व अस्थिविसर्जनासाठी तर लोक वर्षभर येत असतात, आणि त्यावर नाभिक, पुरोहित, नावाडी व फुलविक्रेते यांचा चरितार्थ चालतो. बौद्ध परंपरेनेही अलीकडे पवनी परिसरात पुन्हा मूळ धरले आहे. जवळच्या रुयाड (सिंदपुरी) येथे भारत-जपान सहकार्यातून महासमाधिभूमी हा भव्य स्तूप उभारण्यात आला असून तेथे दर फेब्रुवारीत धम्म महोत्सव भरतो.

इंग्रजी अमदानीत एकोणिसाव्या शतकातच येथे नगरपालिका स्थापन झाली. १९०१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या नऊ हजारांवर होती, म्हणजे त्या काळच्या भंडारा जिल्ह्याच्या मानाने पवनी हे मोठे गाव होते. तेव्हाचा मुख्य धंदा विणकामाचा. येथील कोष्टी रेशीमकाठी व अतिशय बारीक सुताची धोतरे व लुगडी विणीत आणि त्या कापडाला दूरवर मागणी असे. गिरणीचे कापड स्वस्त झाले, लुगड्याची जागा पातळाने घेतली आणि हातमाग एकेक करून थांबले. विणकरांच्या पुढच्या पिढ्या नागपूरला गेल्या किंवा येथेच दुकानदारीत शिरल्या. या धंद्याचा ऱ्हास ही पवनीच्या अर्वाचीन इतिहासातील सर्वांत मोठी घटना म्हणावी लागेल, कारण त्यानंतर गावाला तोलामोलाचा दुसरा उद्योग मिळाला नाही.

आज गावाची भिस्त शेतमालावर आहे. पवनीपासून लाखांदूरपर्यंतच्या सपाट, सुपीक काळ्या जमिनीच्या पट्ट्याला चौरास म्हणतात. बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, पावसाळ्यात धान, धुऱ्यावर म्हणजे बांधावर तूर, आणि धान कापणीला येण्याआधी त्याच ओलीवर फेकलेली लाखोळी किंवा जवस, ही येथील जुनी पद्धत आहे. लाखोळीच्या डाळीच्या विक्रीवर बराच काळ बंदी होती, तरी घरच्या खाण्यातून ती कधी हद्दपार झाली नाही. विहिरी व बोअरवेलच्या जोरावर आता उन्हाळी धान आणि भाजीपालाही घेतला जातो. आषाढात रोवणीच्या दिवसांत गावातील बाजार ओस पडतो, कारण बायामाणसे पऱ्ह्यांच्या म्हणजे धानाच्या रोपांच्या पेंढ्या घेऊन बांधीत उतरलेली असतात.

धानाच्या बरोबरीने पवनीची ओळख मिरचीशी जोडलेली आहे. शेजारच्या भिवापूरची मिरची प्रसिद्ध आहे आणि पवनी परिसरातही तिचा मोठा व्यापार चालतो. हिवाळा सरता सरता गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर ‘सातरे’ लागतात. सातरा म्हणजे व्यापाऱ्याने मिरची वाळविण्यासाठी व निवडण्यासाठी केलेले मोकळे आवार. सकाळी जवळच्या खेड्यांतून बाया डोक्याला घट्ट फडके बांधून, नाकातोंडावरून पदर घेऊन येतात आणि ढिगाभोवती बसून एकेका मिरचीचा देठ खुडतात. देठ वेगळा, फुटकी व पांढरी पडलेली मिरची वेगळी, चांगली वेगळी. मजुरी वजनावर मिळते, म्हणून बोटे थांबत नाहीत. संध्याकाळी हातांची आग शमविण्यासाठी खोबरेल तेल किंवा ताक चोळण्याचा उपाय घरोघर माहीत आहे. शेतीची कामे नसण्याच्या दिवसांत या भागातील बायांच्या हाती रोख पैसा येण्याचे हे एक प्रमुख साधन आहे, मात्र डोळे व छाती यांना होणाऱ्या त्रासाची दखल क्वचितच घेतली जाते.

नदीवर जगणारा समाज म्हणजे ढिवर व केवट. डोंग्यातून जाळी टाकून मासे व झिंगे पकडणे, उतारूंना पैलतीरी नेणे, आणि पाणी ओसरल्यावर रेतीत टरबूज, काकडी व डांगरांच्या वाड्या लावणे, असे त्यांचे वर्षाचे चक्र होते. पूल झाल्यावर नावाड्याचा धंदा आटला. रेतीला नागपूरच्या बांधकामांतून मागणी वाढली आणि रेतीघाटांवर ट्रकांच्या रांगा लागू लागल्या. ज्या वाळूत वाड्या फुलत, तीच खोलवर उपसली गेली. लिलावाचा पैसा, चोरटी वाहतूक आणि खचलेले काठ यांवरून तालुक्यात वाद सतत चालू असतात.

नदीचे वागणे मुळापासून बदलले ते गोसीखुर्द धरणामुळे. पवनीच्या वरच्या अंगाला, तालुक्यातील गोसे गावाजवळ बांधलेल्या या इंदिरासागर प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. धरणाची लांबी ११ किमी.हून अधिक असून त्याला ३३ वक्रद्वारे आहेत. भंडारा, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन भिजविण्याचे उद्दिष्ट ठरले. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. तो कैक पटींनी वाढला, आणि २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळूनही कालव्यांची कामे रेंगाळली. जलाशयाखाली अनेक गावे गेली. नव्या गावठाणांतील रस्ते, पाणी, पट्टे आणि मोबदला यांसाठीचा प्रकल्पग्रस्तांचा लढा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आला आहे.

पवनी धरणाखाली असल्याने तिला बुडिताची झळ लागली नाही, परंतु दोन नव्या अडचणी तिच्या वाट्याला आल्या. पहिली पुराची. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवर या धरणातून आलेले पाणी आणि वैनगंगेचा स्वतःचा पूर एकत्र झाला, धरणाची सर्व द्वारे उघडावी लागली आणि काठावरील वस्त्यांत व शेतांत पाणी शिरले. पूर पूर्वीही येत. फरक असा की आता लोक आभाळाकडे पाहण्याबरोबरच किती दरवाजे उघडले, या फोनवरच्या निरोपाकडेही डोळे लावून बसतात. दुसरी अडचण पाण्याच्या प्रतीची. नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन येणारी नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि हे सारे जलाशयात साचते. जलपर्णीचे थर व काळपट पाणी यांच्या तक्रारी दरवर्षी होतात. ज्या नदीत स्नान करणे पुण्याचे, तिचे पाणी शुद्ध करून नळाला देण्याचा खर्च मात्र लहान नगरपरिषदेला करावा लागतो, आणि ते पाणी घाण करणारे शहर तिच्या हद्दीत नाही. या प्रश्नावर स्थानिक पातळीवर तोडगा निघणे शक्य नाही.

सांस्कृतिक दृष्ट्या पवनी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातील जंगलपट्ट्याच्या, पश्चिम कडेला आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते. त्या दिवशी पाहुण्यारावळ्यांनी घरे भरतात, सोयरिकी जुळतात, रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा नाटक होते आणि पहाटेपर्यंत प्रेक्षक हलत नाहीत. शंकरपटांचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, वेडही कमी झालेले नाही. घरात झाडीबोली, शाळेत प्रमाण मराठी आणि बाजारात नागपुरी हिंदीची फोडणी, असा भाषाव्यवहार चालतो.

तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगल २०१२ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात समाविष्ट झाले. नागझिऱ्याहून चालत आलेल्या ‘जय’ या धिप्पाड वाघामुळे ते देशभर गाजले, आणि २०१६ मध्ये तो दिसेनासा झाल्यावर अधिकच. पर्यटक जंगलातून परस्पर नागपूरला परततात. काही मैलांवर सांचीच्या तोडीचे स्तूप आहेत, हे त्यांना सांगणारी चांगली व्यवस्था नाही, आणि उत्खननात मिळालेल्या उत्तम वस्तू पाहायच्या तर त्यांना नागपूरच गाठावे लागते. गावातच संग्रहालय असावे ही मागणी म्हणूनच रास्त आहे. दळणवळणाची मुख्य सोय रस्त्यांची आहे. नागपूर-नागभीड या नॅरोगेज मार्गावर ‘पवनी रोड’ हे स्थानक होते, पण ते गावापासून दूर. हा मार्ग ब्रॉडगेज करण्यासाठी २०१९ मध्ये बंद करण्यात आला.