फोर बाय फोरला मागचा लॉकर कशाला?

'गाडी फोर बाय फोर आहे ना, मग चारही चाकांना जोर मिळतोच. लॉकर म्हणजे पैशांची नासाडी,' हा मेसेज फिरून फिरून येतो. (लॉकर म्हणजे एका ॲक्सलची, म्हणजे आसाची, दोन्ही चाकं एकत्र जखडून सारखीच फिरवणारी यंत्रणा.) ऐकायला पटतो, कारण अर्धा खरा आहे. ट्रान्सफर केस जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलपर्यंत नेते. तिथून पुढे कारभार डिफरन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकात जोर वाटणाऱ्या गिअरांचा. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतो, म्हणून एक चाक हवेत लटकलं की जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे नावापुरता, जोर मिळतो. पुढे एक आणि तिरकं मागे एक चाक उचललं गेलं, की फोर बाय फोरही जागच्या जागी भिरभिरते. (ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून मदत करतो, पण लॉकरइतकी नाही.)

तपासायचंय? इंजिन बंद, पुढच्या चाकांना अडवायला ठोकळे, मागचा ॲक्सल स्टँडवर, गाडी गिअरमध्ये. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलटं फिरलं, तर डिफरन्शियल साधा. लॉकर लॉक झालेला असेल तर चाक हलणारच नाही.

निवडताना माझा कल बटणाने लागणाऱ्या लॉकरकडे. आपोआप लागणारा ऑटोमॅटिक लॉकर स्वस्त आणि सुटसुटीत, पण वळणावर टकटकतो. बटणवाला मात्र डांबरी रस्त्यावर बंदच ठेवायचा: वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, लॉक असेल तर टायर घासतात.