चिनी महाल (देवगिरी किल्ला)

देवगिरी ऊर्फ दौलताबाद किल्ल्यातील राजकैद्याचा महाल. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशाही सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने मरेपर्यंत येथेच ठेवले. किल्ला छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १५ किमीवर, वेरूळच्या रस्त्यालगत असून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे.

चांदमिनार मागे टाकून वर चढत गेले की मेंढा तोफेच्या बुरुजाजवळ ही पडकी वास्तू लागते. दर्शनी भिंतीवर कधीकाळी झिलईदार फरशा होत्या, त्यांवरूनच हे नाव पडले. आज त्यांचे मोजके तुकडे उरलेत. उन्हात त्यांची निळाई अजून चमकते, आजूबाजूला मात्र नुसता उघडा चुना.

मराठी माणसाला हा कैदी परका नाही. १६७७ साली दक्षिण दिग्विजयाला निघालेले शिवाजी महाराज भागानगरात, म्हणजे हैदराबादेत, ज्याला भेटले तो हाच सुलतान. मादण्णा आणि आकण्णा हे त्याचे कर्ते कारभारी. भद्राचलमचे राममंदिर बांधणाऱ्या तेलुगू संतकवी रामदासालाही याच्याच राज्यात, गोवळकोंड्यावर, बंदिवास घडला होता. पुढे १६८७ मध्ये आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर फितुरीने दरवाजा उघडला गेला आणि गोवळकोंडा पडला. मोगल सरदार धरायला आले तेव्हा सुलतानाने त्यांना शांतपणे बसवून घेतले आणि स्वतःची न्याहारी उरकली, असे मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. त्यानंतरची सुमारे बारा वर्षे या डोंगरावर गेली.

महाल पाहताना गजाआडची कोठडी शोधू नये. पदच्युत राजाला त्याच्या इतमामाने ठेवायचे, पण बाहेर पडू द्यायचे नाही, अशी ही कैद होती. तिचा पहारा समजून घ्यायचा तर भोवतालचा तासलेला कडा, खंदक आणि वर जाणारी अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, बघावी. बहुतेक मंडळी अंधारीच्या ओढीने महालापुढून तशीच निघून जातात, याचे वाईट वाटते. येथे निदान पाच मिनिटे थांबावे. चढ उन्हाचा असल्याने सकाळीच यावे आणि पाणी सोबत ठेवावे.

तानाशाहची कबर गोवळकोंड्याला पूर्वजांच्या घुमटांत नाही. ती येथून घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या खुलताबादेत आहे. त्याला कैद करणारा औरंगजेबही त्याच गावात पुरलेला आहे. दोन्ही कबरी साध्याच आहेत.