अंगणासाठी बोराचं झाड निवडणं (सोलापूर)

बोर म्हणजे झिझिफस मॉरिशियाना, रॅम्नेसी कुळातलं काटेरी झाड, उन्हाळ्यात पानं गाळून बसतं आणि बाकी सगळे गारठून बसलेले असतात तेव्हा थंडीत फळं देतं. इंग्रजीत त्याला इंडियन प्लम पण म्हणतात, त्यामुळं खूप जणांना ते प्लमचं भावंडं वाटतं, तसं काही नाही, प्लम गुलाबाच्या कुळातला. दोन्हीत आत एकच कठीण आठळी असते, साम्य तिथंच संपलं. इथं लिहिलंय ते शेतातल्या लागवडीबद्दल नाही, घरामागच्या मोकळ्या जागेत एखाद-दुसरं झाड लावायचं असेल तर कोणतं घ्यावं आणि घेताना काय बघावं याबद्दल आहे.

आधी प्लमचंच उरकून घेऊ, कारण हल्ली नर्सरीत प्लमची कुंडी दिसली की लोक उचलतातच. युरोपातल्या प्लममध्ये तीन मोठी मंडळी: नेहमीचा प्लम, गोड हिरवट गेज (इंग्लंडात हे नाव १८व्या शतकात गेज घराण्यावरून पडलं, फ्रान्समध्ये तेच फळ क्लोद राणीच्या नावानं ओळखतात) आणि छोटा तुरट डॅमसन, ज्याचं नाव दमास्कसवरून आलं, तो जॅमसाठीच बरा. या झाडांना हिवाळ्यात ७ अंशांखालची थंडी शेकड्यानं तास लागते, बऱ्याच जातींना हजाराच्या आसपास, नाहीतर कळ्या नीट उघडतच नाहीत. आपल्याकडं जानेवारीच्या रात्री १५-१६ अंशांवर येऊन थांबतात, फार झालं तर एखाद्या रात्री १० च्या आसपास. कमी थंडीत येणाऱ्या सतलज पर्पल, काला अमृतसरी या जाती पंजाबात चालतात पण तिथला हिवाळा म्हणजे आपला हिवाळा नव्हे. सोलापुरात प्लम लावला तर पानं येतील, सावली पण येईल थोडीफार, आलुबुखार मात्र बाजारातूनच आणावे लागतील.

बोराचं उलटं आहे. ऊन ४२-४३ वर गेलं की ते झोपतं, पाऊस पडला की उठतं. जिल्ह्यात पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, तोही कधी पडतो कधी दडी मारतो, तरी याची सोटमूळ खोल जात असल्यामुळं जम बसलेलं झाड वरच्या पाण्याशिवाय तगतं. बोअरचं पाणी क्षारी, बादलीला पांढरा थर बसवणारं, त्यावर गुलाब रुसतो, लिंबू पिवळं पडतं, बोर काही बोलत नाही. मुरूम चालतो, चुनखडीची जमीन पण चालते, फक्त काळ्या रानात पाणी साठून राहायला नको.

संक्रांतीचा हिशेब

माझ्या मते सोलापुरात बोर निवडताना पहिला प्रश्न एकच विचारायचा, संक्रांतीला झाडावर फळ असेल का? त्या दिवसांतच घरात बोरं हवी असतात. सुगडात हरभरा, ऊस, गाजराबरोबर बोर हवं, पोरांचं बोरनहाण असतं, पूर्व भागात तेलुगू पद्मशाली घरांत भोगीला लहान मुलांच्या डोक्यावरून भोगी पळ्ळू ओततात तीही बोरंच, त्यांच्याकडं रेगी पळ्ळू म्हणतात. म्हणजे बघा, एका भिंतीच्या अलीकडं बोरनहाण आणि पलीकडं भोगी पळ्ळू, फळ तेच, पोरं तशीच रडणारी. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा पण त्याच सुमारास, होम मैदानावर बोराच्या पाट्या लागलेल्या असतात. घरी झाड असून त्या आठवड्यात बाजारातून पावशेर बोरं आणायची वेळ आली तर झाडाचा उपयोग काय.

जातींचं गणित यावरून सुटतं. गोला लवकर येणारी, नावाप्रमाणं गोल, रसाळ, पण लवकर मऊ पडते. उमराण उशिरा येते, जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीत, फळ मोठं लंबगोल, आधी सोनेरी मग चॉकलेटी होत जातं, टिकतं म्हणून व्यापाऱ्यांची लाडकी, झाडही दणकट. कडाका, चमेली पण महाराष्ट्रात लावतात. मेहरून मूळ जळगावची, छोटी, टोकदार, लालसर आणि इतकी गोड की एकदा खाल्ली की बाकीच्या जाती पाणचट वाटायला लागतात. आणि मग ॲपल बोर, थायलंडकडून आलेलं, हिरव्या सफरचंदाएवढं, काटे जवळजवळ नाहीतच, गेल्या दहा-पंधरा वर्षांत सगळीकडं पसरलंय. खायला कुरकुरीत, पाणीदार, चवीला सौम्य. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर काटे नाहीत हा मोठा फायदा, पण बोराची ती आंबट-गोड चव पाहिजे असेल तर यात शोधू नका. जागा एकाच झाडाची असेल तर मी मेहरून लावेन, दोन झाडांची असेल तर मेहरून आणि उमराण, म्हणजे जानेवारीपासून फेब्रुवारीपर्यंत झाडावर काहीतरी राहतं.

दुसरं झाड का, तर हा भाग कुणी सांगत नाही. बोराच्या बऱ्याच जातींना स्वतःच्याच परागानं फळ नीट धरत नाही. पावसाळ्यात पानाच्या बगलेत पिवळट-हिरवी, ज्वारीच्या दाण्याएवढी फुलं येतात, वास जरा विचित्रच, पण मधमाश्या, गांधीलमाश्या, साध्या माश्या सगळ्या घोंघावतात. फुलात आधी पराग सुटतो आणि काही तासांनी स्त्रीकेसर तयार होतो, शिवाय काही जातींचं फूल सकाळी उघडतं, काहींचं दुपारकडं. एकीचा पराग सुटायला आणि दुसरीचा स्त्रीकेसर तयार असायला वेळ जुळली की काम झालं. प्लममध्येही हेच असतं, तिथंही काही जाती एकट्यानं फळतात आणि काहींना शेजारी जोडीदार लागतो. आपल्याकडं फरक इतकाच की जोडीदार गावठी बोर पण चालतो, त्यामुळं शेजारच्या प्लॉटवर, रस्त्याकडेला एखादं रानटी बोर उभं असेल तर एका झाडावर भागू शकतं. नवीन कॉलनीत जिथं दूरवर झुडूपसुद्धा नाही तिथं मात्र दोन वेगळ्या जाती घ्या.

रोप घेताना

बोर बियांपासून लावू नये, म्हणजे उगवतं, पण फळ आईसारखं येईल याची खात्री नाही आणि वाट बघणं लांबतं. पाहिजे ते डोळा भरलेलं कलम. खाली गावठी बोराचा खुंट, म्हणजे मुळासकटचं खोड असतं, त्यावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे फुटायला आलेला कोंब, बसवलेला. प्लमवाल्यांना खुंट निवडून झाड केवढं वाढवायचं हे ठरवता येतं, सेंट ज्युलियन, पिक्सी असे खुंट असतात त्यांच्याकडं. आपल्याकडं नर्सरीत खुंट विचारून मिळत नाही, गावठीच असतो, झाड लहान ठेवायचं काम कात्रीचं.

पिशवीतलं रोप हातात घेतलं की आधी पान नाही, जोड बघायचा. जमिनीपासून वीतभर वर खोडाला एक वाकडं वळण आणि जुनी जखम भरल्यासारखी खूण असते, तिच्या वरून जे फुटलंय तेच तुमचं. खालून फुटलेलं सगळं गावठी. मी एकदा हे बघितलं नाही. एका नर्सरीत ''घेऊन जावा की ओ, ॲपल बोरच हाय, काटा न्हाई'' म्हणून दोन रोपं दिली, एक जगलं, तरारून वाढलं, काटे दिसायला लागले तरी मी म्हणत होतो लहानपणी असतील काटे. तिसऱ्या वर्षी फळ आलं, मटारएवढं, आंबट ढोण, आठळीवर सालीसारखा गर. खाली वाकून बघितलं तर जोडाच्या वर एक काळी वाळकी काडी आणि जोडाच्या खालून अंगठ्याएवढा सरळ सोट. वरचा डोळा पहिल्याच उन्हाळ्यात मेला होता आणि तीन वर्षं मी खुंटाला पाणी घालत होतो. काकू शेजारून म्हणाल्या, चटणीला बरी आहेत. झाड वाया गेलं नाही पण, जूनमध्ये गुलाबाचे डोळे भरणारा एक माळी होता त्याच्याकडून त्याच सोटाला मेहरूनचा डोळा भरून घेतला, खुंट जुना, मुळं खोल, त्यामुळं पुढचं जोरात आलं. खरं तर ही पद्धत जास्त चांगली, जागेवरच गावठी बी लावायचं आणि पुढच्या वर्षी जून-जुलैत त्यावर डोळा भरायचा, सोटमूळ पिशवीत गुंडाळलं जात नाही. आठळी कठीण असते, ती अलगद फोडून आतलं बी लावलं तर लवकर उगवतं.

काटे आहेत की नाहीत यावरून गावठी ओळखायचं म्हटलं तर फसाल, चांगल्या जातींनाही काटे असतात, जोडीनं, बऱ्याचदा एक सरळ आणि एक मागं वाकलेला. तो वाकलेला शर्ट सोडत नाही. पान वरून चकचकीत गडद हिरवं, खालून पांढरट लवदार, देठापासून तीन शिरा, हे सगळ्यांचंच असतं, त्यावरून जात कळत नाही.

जागा आणि छाटणी

पूर्ण ऊन पाहिजे, भिंतीपासून आणि दुसऱ्या झाडापासून १५-२० फूट. वाटेवर, पोरं खेळतात तिथं, वाळत घालायच्या दोरीखाली लावू नका, कारण वर सांगितलंच. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेलं बरं, पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा आळं भरून पाणी, मग हळूहळू कमी.

छाटणी मात्र टाळायची नाही, अर्धे लोक इथंच झाड घालवतात. बोराला फळ नव्या फुटीवर येतं, जुन्या फांदीवर नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळ संपलं, पानं गळायला लागली, की एप्रिल-मेमध्ये मागच्या वर्षीच्या फांद्या बऱ्यापैकी आखूड करायच्या, झाड अगदी बोडखं दिसतं, घरातले ओरडतात, ओरडू द्या. पावसानं नवी फूट येते, तिच्यावर फुलं आणि जानेवारीत बोरं. छाटायला जितका उशीर कराल तितकं फळ पुढं सरकतं, म्हणजे संक्रांत चुकली तर जातीवर खापर फोडायच्या आधी कात्री कधी चालवली ते आठवा. छाटलं नाही तर फांद्यांचं जाळं होतं, फळ बारीक येतं आणि शेंड्याला लागतं, मग खाली पडलेली वेचायची.

त्रास दोनच मोठे. भुरी, म्हणजे कोवळ्या फळावर पीठ टाकल्यासारखी पांढरी बुरशी, पावसाळा सरून थंडी सुरू होताना येते, फळ खरबरीत होऊन तडकतं किंवा गळतं. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी, आणि भर फुलोऱ्यात नको कारण मधमाश्या. दुसरी फळमाशी, बोर बाहेरून छान, फोडलं की आठळीभोवती तपकिरी आणि त्यात पांढरी अळी. याला औषधापेक्षा झाडू चांगला, गळालेली बोरं रोज गोळा करून खोल पुरायची, नाहीतर अळी मातीत जाऊन कोष करते आणि पुन्हा माशी होऊन येते. उन्हाळ्यात आळं खणून माती उलटीपालटी करायची, कोष उन्हानं मरतात. कच्चं तोडून ठेवायची घाई पण नको, ते घरात पिवळं पडतं पण गोडी येत नाही.

आणि छाटलेल्या फांद्यांचं काय, तर शेळीवाले मागून नेतात, पाला शेळ्या आवडीनं खातात. काटेरी काड्या मात्र महानगरपालिकेच्या घंटागाडीत टाकायला गेलात तर गाडीवाला आधी तुमच्याकडं बघतो, मग स्वतःच्या हाताकडं. आम्ही त्या कंपाउंडच्या कडेनं रचून ठेवतो, कुत्री येत नाहीत.