फ्रीजरमध्ये बर्फ साचतो? टाइमरला हात लावण्याआधी बर्फ कुठे आहे ते बघा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पाऊस लागला की तक्रार ठरलेली: "फ्रीजर बर्फाने भरलाय, टाइमर बदलून द्या." टाइमर, म्हणजे ठरावीक तासांनी बर्फ वितळवायला लावणारा भाग, आम्ही बदलून देऊ, पण दर वेळी दोष त्याचा नसतो. भलताच भाग बदलला तर पैसे जातात आणि पंधरा दिवसांत बर्फ परत येतो.

हा बर्फ मुळात हवेतली ओल असते. पावसाळ्यात गोव्यातल्या एक घनमीटर हवेत २० ते २५ ग्रॅम पाण्याची वाफ असते. उणे १८ अंशांवरची हवा जेमतेम १ ग्रॅम धरते, बाकीची सगळी कॉइलवर, म्हणजे फ्रीजर गार करणाऱ्या नळ्यांवर, गोठते. २५० लिटरच्या फ्रीजमधली सगळी हवा एकदा बदलली तर चहाचा छोटा चमचाभर पाणी आत गेले म्हणून समजा. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून मे संपता संपता बांगडे-सुंगटे (कोळंबी) धुऊन ओलेच फ्रीजरमध्ये जातात. पाणी निथळू द्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, आणि मागच्या भिंतीतली हवेची भोके डब्यांनी झाकू नका.

सिंगल डोअर फ्रीज

यात बर्फ आपोआप वितळत नाही. ते काम तुम्हीच करायचे. थर ५ मिलीमीटरचा, म्हणजे साधारण पेन्सिलीच्या जाडीइतका झाला की थर्मोस्टॅटच्या नॉबमधले बटण दाबा. कॉम्प्रेसर थांबतो आणि बर्फ वितळल्यावर पुन्हा आपणहून सुरू होतो. आत कोमट पाण्याचे भांडे ठेवले तर काम लवकर होते. नॉब बारा महिने शेवटच्या आकड्यावर ठेवू नका. त्यामुळे कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि थर वाढत जातो. मधला आकडा पुरतो.

सुरी किंवा स्क्रूड्रायव्हरने बर्फ कधीही खरवडू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. फ्रीजरच्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातच गॅसच्या वाटा असतात. टोक लागले की गॅस गेला. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए गॅस असतो आणि तो पेट घेतो.

डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री

यात कॉइल फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड असते. जुन्या पद्धतीच्या फ्रीजमध्ये टाइमर दर ६, ८ किंवा १२ तासांनी कॉम्प्रेसर बंद करून २०-३० मिनिटे हीटरला वीज देतो. कॉइल पुरेशी तापली की बायमेटल, म्हणजे तापमानावर चालणारा स्विच, हीटरची वीज तोडतो. पाणी नळीतून कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरते आणि तिथेच सुकते.

वर बर्फ घट्ट, पण खाली दूध नासते आणि पंख्याची खरखर ऐकू येते, तर कॉइल बर्फाने बुजली आहे. पिन काढून पॅनेल उघडल्यावर बर्फ कसा बसलाय ते नीट बघा. पूर्ण कॉइलवर सारखा पांढरा थर असेल तर डीफ्रॉस्टमध्ये, म्हणजे बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेत, बिघाड आहे. एका कोपऱ्यातच बर्फ आणि बाकीची कॉइल कोरडी असेल तर बहुधा गॅस कमी आहे, तिथे टाइमर बदलून काही होणार नाही. फ्रीजरच्या तळाला काचेसारखी लादी आणि भाजीच्या ट्रेखाली पाणी दिसले तर नळी तुंबली आहे. कोमट पाणी पिचकारीने सोडा. दाराजवळ बर्फ असेल तर रबर बघा. कागदाची पट्टी दारात धरून ओढा. सहज सुटली तर रबर बसत नाही. आधी साबणाच्या कोमट पाण्याने पुसून घ्या, कारण पावसात घडीत बुरशी धरते आणि चांगले रबरही चिकटत नाही.

डीफ्रॉस्टचा संशय असेल तर टाइमरचा खाचेचा दांडा स्क्रूड्रायव्हरने घड्याळाच्या दिशेने, 'टक्' होईपर्यंत हळू फिरवा. उलटा फिरवू नका, दाते तुटतात. कॉम्प्रेसर थांबला आणि अर्ध्या तासात ट्रेमध्ये पाणी आले, तर हीटर आणि बायमेटल ठीक आहेत. मग टाइमर पुढे सरकत नसावा. पाणी आलेच नाही तर हीटर, बायमेटल किंवा थर्मल फ्यूज (जास्त तापल्यावर वीज तोडणारा) तपासावा लागतो. १५०-२०० वॅटचा हीटर मीटरवर साधारण २६० ते ३५० ओहम दाखवतो. बायमेटल मात्र खोलीच्या तापमानाला मोजू नका. तेव्हा तो उघडाच असतो, म्हणजे वीज जाऊ देत नाही, आणि चांगला भाग खराब ठरतो. तो कॉइलइतका गार असतानाच मोजायचा.

सगळे ठीक असूनही पावसात थर धरत असेल, तर १२ तासांच्या जागी ८ तासांचा टाइमर लावता येतो. २०० वॅटचा हीटर २० मिनिटे चालला तर ०.०७ युनिटच्या आत वीज जाते, म्हणजे खर्च किरकोळ आहे. ६ तासांच्या खाली जाऊ नये असे आमचे मत, कारण दर वेळी फ्रीजर थोडा तापतो आणि आइस्क्रीम मऊ पडते. बोर्डवर चालणाऱ्या इन्व्हर्टर फ्रीजमध्ये हे अंतर बोर्डच ठरवतो. तिथे सेन्सर आणि हीटरच तपासायचे.

आम्हाला बोलावण्याआधी फ्रीज बंद करून बर्फ वितळवू नका, नाहीतर खूण पुसली जाते. वितळवावाच लागला तर आधी बर्फाचा फोटो काढा आणि आतल्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक लिहून ठेवा. पुन्हा चालू केल्यावर किती दिवसांनी बर्फ धरला, तेही सांगा.