विष खाल्लेला ससा धडधाकट का दिसतो?

सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले येऊन जातात, जिन्याखाली आणि गॅलरीच्या कोपऱ्यात उंदीर मारायच्या रंगीत वड्या ठेवतात. घरात मोकळा फिरणारा ससा त्यातली एखादी कुरतडतो. मालकाच्या लक्षात येतं तेव्हा वडीवर दातांच्या खुणा असतात आणि ससेबुवा मजेत गवत खात बसलेले असतात. दुसऱ्या दिवशीही खाणंपिणं, उड्या, सगळं नेहमीसारखं. मग घरात कुणीतरी म्हणतं, ‘पचलं त्याला, उगाच डॉक्टरकडे कशाला न्यायचं?’ चौथ्या दिवशी ससा कोपऱ्यात दबून बसतो, धापा टाकतो आणि तेव्हा धावपळ सुरू होते.

हे तीन-चार दिवस विष काम करत नव्हतं असं नाही. उशिरा परिणाम दिसावा हाच त्या विषाचा मोठा गुण मानला जातो. उंदीर महासंशयी प्राणी आहे. नवं खाणं तो आधी थोडं चाखतो आणि त्यानंतर लगेच पोटात बिघडलं तर पुन्हा त्या वाटेला जात नाही. झिंक फॉस्फाईड हे झटपट परिणाम करणारं विष वापरणारे शेतकरी म्हणूनच आधी दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा बिळांपाशी ठेवतात, उंदरांचा विश्वास बसला की मग त्यात विष कालवतात. ब्रोमॅडियोलोन किंवा ब्रोडिफॅकम असलेल्या वड्यांना ही उठाठेव लागत नाही. उंदीर आज खातो आणि तीन ते पाच दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. खाणं आणि मरण यांचा संबंध त्याला लागत नाही. सशाच्या मालकालाही लागत नाही, ही खरी अडचण.

शरीरात नेमकं काय होतं? रक्त गोठवणारी काही प्रथिनं यकृतात तयार होतात. त्यांतल्या चार घटकांना (क्रमांक 2, 7, 9 आणि 10) कामाला जुंपण्याआधी ‘के’ जीवनसत्त्वाचा हात लागावा लागतो. हे काम करताना ‘के’ वापरलं जातं, पण फेकलं जात नाही. घरच्या गॅस सिलिंडरसारखं ते रिकामं झालं की परत जातं आणि भरून येतं. शरीरात ‘के’चा साठा मुळात थोडका, पण तोच पुनःपुन्हा भरला जात असल्यामुळे भागतं. भरून देणारं एक विकर (एन्झाइम) असतं आणि उंदराच्या वड्यांमधलं विष नेमकं त्यालाच बंद पाडतं. एजन्सीला टाळं लागलं तरी घरातला गॅस त्याच क्षणी संपत नाही. तसंच रक्तात आधीच तयार असलेले घटक काही काळ काम निभावतात. त्यातला सातवा घटक सर्वांत अल्पायुषी, दर सहा तासांच्या आसपास निम्मा होतो. बाकीचे मागोमाग संपतात. मग एरवी कळलीही नसती अशी बारीक इजा छातीत, पोटात किंवा सांध्यात वाहत राहते.

या विषाच्या इतिहासात ससा अगदी पहिल्या पानावर आहे. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या गवताळ भागात गुरं विचित्र तऱ्हेने मरू लागली. शिंगं कापली किंवा खच्ची केलं, की जखमेतून रक्त थांबायचंच नाही. फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्यकाला संशय आला तो बुरशी धरलेल्या स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याचा. त्याने एकाच गंजीतल्या चांगल्या आणि खराब काड्या वेगळ्या केल्या आणि दोन सशांना खाऊ घातल्या. चांगल्या काड्या खाणारा ससा ठणठणीत राहिला, दुसरा रक्तस्रावाने मेला. पुढे 1933च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्याकडे पोचला. लिंक यांच्या चमूने काही वर्षांनी त्या चाऱ्यातलं द्रव्य, डायकूमरॉल, वेगळं काढलं. त्याच्याच भावकीतलं वॉर्फरिन 1948मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं आणि 1950च्या दशकात माणसांसाठीही वापरलं जाऊ लागलं. घरात कुणाची हृदयाची झडप बदललेली असेल, तर वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमारॉलची गोळी आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी ‘पीटी-आयएनआर’ची तपासणी ओळखीची असेलच. विषाचं आणि त्या गोळीचं गोत्र एकच, फरक मात्रेचा.

वॉर्फरिनला न जुमानणारे उंदीर 1950च्या दशकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये आढळले. त्यावर तोड म्हणून पुढची जहाल पिढी आली आणि आज आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक वड्या याच पिढीतल्या. एकदा खाल्लं तरी पुरतं, आणि यकृतात ही द्रव्यं आठवडेच्या आठवडे चिकटून राहतात.

किती खाल्लं तर धोका? इथे सशाचं नशीब खोटं आहे. ब्रोमॅडियोलोनची निम्मे प्राणी दगावतील अशी मात्रा कुत्र्यांमध्ये दर किलो वजनामागे 10 मिलिग्रॅमच्या वर आहे, सशांमध्ये मात्र 1 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ उंदराइतकीच. वडीत विषाचं प्रमाण साधारणपणे 0.005 टक्के असतं, एका ग्रॅममध्ये 0.05 मिलिग्रॅम. दोन किलोच्या सशासाठी हा हिशोब 40 ग्रॅम वडीवर जातो. दोन दात मारले असतील तर ससा बहुधा वाचेल. पण सगळेच प्राणी त्या सरासरीला बांधील नसतात, आणि कपाटामागे त्याने आणखी काय खाल्लं हे कुणी पाहिलेलं नसतं. ब्रोडिफॅकम असेल तर याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी मात्रा पुरते. वडी धान्याची, गोडसर. सशाला ती खाऊच वाटते.

म्हणून पहिलं काम: वडीचं पाकीट किंवा उरलेला तुकडा पिशवीत घालून सशाबरोबर न्यायचा. पाकीट नसेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करून नाव विचारायचं. नाव कळणं का महत्त्वाचं? सगळीच विषं रक्ताचं गणित बिघडवत नाहीत. झिंक फॉस्फाईडची काळपट पूड पोटातल्या आम्लाशी भिडली की फॉस्फीन वायू तयार होतो आणि काही तासांतच प्राणी कोसळतो. त्यावर उतारा नाही, फक्त आधार देणारे उपचार. सशाचं पोट तर फार आम्लयुक्त असतं. अशा सशाला गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा, वायू तुमच्याही नाकात जातो. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यकृत जाळते. या दोन्हींवर ‘के’ देऊन उपयोग नाही.

दुसरं, घरी उलटी करवायचा प्रयत्न करू नका. मिठाचं पाणी, तेल, दूध, काहीही नको. ससा उलटी करूच शकत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायूंचा दरवाजा आणि जठराची ठेवण अशी आहे की आत गेलेलं फक्त पुढे सरकतं. उंदराचंही तसंच असतं. बळेबळे पाजलेलं मिठाचं पाणी श्वासनलिकेत मात्र जाऊ शकतं.

डॉक्टर काय करतात? विष खाऊन काहीच तास झाले असतील तर ॲक्टिव्हेटेड चारकोल पाजतात, जेणेकरून आतड्यात विष त्याला चिकटेल. पुढे लेंड्या काळ्याकुट्ट येतात, घाबरायचं नाही. मुख्य औषध ‘के-1’, म्हणजे ‘के’ जीवनसत्त्वाचाच एक प्रकार. विकर तर बंदच आहे, तेव्हा भरलेलं ‘के’ रोज बाहेरून पुरवत राहायचं, एवढाच यामागचा विचार. हे औषध दुर्मिळ नाही. प्रसूतिगृहात नवजात बाळांना देतात तेच. फक्त बाटलीवरचं नाव वाचावं: फायटोमेनाडायोन किंवा फायटोनाडायोन. ‘व्हिटॅमिन के’ म्हणून मेनाडायोन, म्हणजे ‘के-3’, हातात पडलं तर ते या कामाचं नाही.

मग पालक-कोथिंबीर भरपूर खाऊ घातली तर? या पाल्यात ‘के-1’ असतं हे खरंच. पण हिशोब करून बघा. दोन किलोच्या सशाला दर किलोला अडीच मिलिग्रॅम धरलं तर रोज 5 मिलिग्रॅम लागेल. 100 ग्रॅम पालकात साधारण अर्धा मिलिग्रॅम असतं. म्हणजे रोज किलोभर पालक, तोही दोन किलोच्या प्राण्याला.

‘के-1’ दिल्यावर नवे घटक तयार व्हायला काही तास लागतात. तोवर रक्तस्राव सुरू झालेला असेल तर दुसऱ्या निरोगी सशाचं रक्त देण्याची वेळ येते, आणि ती सोय प्रत्येक दवाखान्यात नसते. लवकर नेण्याचा सगळा फायदा इथेच आहे: वेळेत मिळालं तर काम तोंडावाटे द्यायच्या औषधावर भागतं.

आजार लपवणं हा सशाचा स्वभावच, कारण जंगलात लंगडणारा ससा आधी उचलला जातो. तरी काही खुणा असतात. ओठ उचलून हिरडी पाहा, गुलाबीऐवजी पांढुरकी दिसते का? कान उजेडासमोर धरला तर शिरा फिकट झाल्यात का, कुठे निळसर डाग पडलाय का? नाकाशी रक्त, सुजलेला सांधा, जोरात चालणारा श्वास, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. लघवी मात्र फसवते. निरोगी सशाची लघवीही खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे कधी कधी केशरी, लालभडक येते. रक्त आहे की रंग, हे दवाखान्यात कागदी पट्टी बुडवून मिनिटभरात कळतं.

उपचार चालू असताना सशाला उचलणं कमी करा, उड्या मारायच्या जागा बंद करा. आणि खाण्यावर नजर ठेवा. अर्धा दिवस ससा जेवला नाही तर त्याचं आतडं मंदावतं आणि तो वेगळाच, तितकाच जीवघेणा आजार होऊन बसतो. गवत तोंडाला लावत नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेली पातळ पेज सिरिंजने, गालाच्या बाजूने, थोडी थोडी द्यावी लागते. जोडीला दुसरा ससा असेल तर वडी कुणी खाल्ली हे ठरवत बसू नये, दोघांनाही न्यावं.

ब्रोमॅडियोलोनच्या बाबतीत ‘के-1’ तीन ते चार आठवडे चालतं. इथे पुन्हा तीच फसगत होते: आठवड्याभरात ससा नाचायला लागतो आणि मालक औषध थांबवतात. यकृतात विष शिल्लक असतं, दोन-तीन दिवसांत रक्त पुन्हा पातळ होतं. म्हणून शेवटच्या डोसनंतर 48 ते 72 तासांनी रक्त गोठायला लागणारा वेळ तपासतात. औषध चालू असताना ही तपासणी केली तर आकडा चांगलाच येणार, त्यातून काही कळत नाही. वेळ लांबलेला निघाला तर आणखी काही दिवस ‘के-1’, मग पुन्हा तेवढेच तास थांबून पुन्हा तपासणी.