पुलाला छप्पर कशाला?

व्हर्माँटच्या खेड्यांत नदीवर आडवा टाकलेला गोठा दिसावा तसं काहीतरी दिसतं आणि रस्ता सरळ त्याच्या पोटात शिरतो. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या या डोंगराळ राज्यात असे छपराचे लाकडी पूल आजही शंभराच्या आसपास आहेत. वाटसरूला पावसा-बर्फात आडोसा हवा म्हणून छप्पर घातलं, असं कुणालाही वाटेल. घोडी खालचं पाणी बघून बुजतात म्हणून बाजूने फळ्या ठोकल्या, असंही सांगतात. खरं कारण सुताराचं आहे. पुलाचा सगळा भार दोन बाजूंच्या लाकडी कैच्यांवर, म्हणजे लाकडं जोडून केलेल्या चौकटींवर असतो आणि त्यांच्या सांध्यांत पाणी मुरलं की दहा-वीस वर्षांत पूल खलास. दर पावसाळ्यानंतर साकव नव्याने घालणाऱ्या कोकणी माणसाला हे वेगळं सांगायला नको. छपराच्या फळ्या कुजल्या तर बदलता येतात. कैची कुजली तर पूलच नवा बांधावा लागतो.

ही अक्कल खेड्यातून शहरात गेली नाही, शहरातून खेड्यात आली. फिलाडेल्फियात टिमोथी पामरने स्कूलकिल नदीवर मोठा लाकडी पूल बांधला, तेव्हा पूल कंपनीचे प्रमुख न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांनी तो झाकायचा आग्रह धरला. 1805 मध्ये झालेला तो पूल अमेरिकेतला पहिला छपराचा पूल मानला जातो.

खेड्यांना परवडेल असा पूल दिला तो कनेटिकट राज्यातल्या इथिएल टाउनने. 1820 मध्ये त्याने पेटंट घेतलेली रचना म्हणजे साध्या फळ्यांची तिरकी जाळी. दोन फळ्या एकमेकींना छेदतील तिथे भोक पाडायचं आणि ओकची खुंटी ठोकायची. जाडजूड तुळया नकोत, लोखंड जवळपास नाहीच; गावातली लाकूड गिरणी आणि चार सुतार पुरे. ही रचना वापरू देण्याबद्दल टाउन पुलाच्या दर फुटाला एक डॉलर घेई. न विचारता बांधलेला पूल सापडला तर दोन!

याच जाळीचा एक अवतार व्हर्माँटचं विंडसर आणि शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं कॉर्निश जोडणाऱ्या कॉर्निश-विंडसर पुलात दिसतो. पुरांनी आधीचे पूल नेल्यावर 1866 मध्ये जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर यांनी कनेटिकट नदीवर हा सुमारे 450 फुटांचा, दोन गाळ्यांचा पूल उभारला. खर्च 9,000 डॉलर. 1943 पर्यंत इथे टोल होता. तोंडावरची पाटी सांगते, घोडी चालतच न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. गंमत म्हणजे नदी जवळपास पूर्ण न्यू हॅम्पशायरची, त्यामुळे विंडसरकडून दोन पावलं टाकली की राज्य बदलतं.

छपराने एक भलतंच काम मात्र वाढवलं. हिवाळ्यात सगळी ये-जा बर्फावरच्या घसरगाड्यांनी, आणि पुलाच्या आत बर्फ पडणार कुठून? मग गावाच्या खर्चाने माणसं लावून फावड्यांनी पुलात बर्फ पसरावा लागे.

पाऊस वरून अडवता येतो, खालून येणारं पाणी नाही. नोव्हेंबर 1927 च्या महापुरात राज्यातले बाराशेहून अधिक पूल गेले, त्यांत छपराचेही पुष्कळ होते. त्यांच्या जागी बहुधा पोलाद आणि काँक्रीट आलं. 28 ऑगस्ट 2011 ला आयरीन वादळाच्या पुरात बार्टन्सव्हिलचा 1870 चा पूल नदीत कोसळला, तेव्हा कुणीतरी ते व्हिडिओत टिपलं. तिथे मात्र लोकांनी छपराचाच पूल पुन्हा मागितला. तशाच जाळीचा नवा पूल 2013 मध्ये सुरू झाला.

आता त्रास होतो तो उंच ट्रकांचा. लिंडन इथला 1878 चा पूल उंचीच्या पाट्या लावूनही वाचत नाही. फोनवरचा नकाशा म्हणतो जा, चालक जातो, आणि तोंडाशी असलेल्या फळ्या ट्रकच्या कपाळावर येतात. मग पुन्हा सुतार बोलवायचा.